सुविधांमध्ये फरक असू शकतो

मोज्याला टाच नव्हती… म्हणजे फाटून गेलेली नव्हे, मुळात विणलेलीच नव्हती. करड्या रंगाची सरळ नळी, एका तोंडाला शिवून बंद केलेली, तळाला रबराचे बारीक ठिपके — असा मोजा डाव्या पायात चढतो, उजव्यात चढतो, उलटा घातला तरी चढतो आणि म्हणूनच कुणाच्याच पायाला धड बसत नाही, हे चौदा वर्षं विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये हसत हसत असले मोजे वाटताना दत्तप्रसादला कधी सुचलं नव्हतं. ते आज सकाळी सव्वाआठला भाईंच्या उजव्या पायात मोजा चढवताना सुचलं. भाई म्हणजे त्याचे वडील. श्रावणात लकवा मारून गेल्यापासून त्यांचा उजवा पाय त्यांचा राहिलेला नव्हता, तो दत्तप्रसादचा आणि जानकीचा झाला होता; दोघांनी मिळून धुवायचा, पुसायचा, तेल लावायचं, आणि टाचेला जखम होऊ नये म्हणून मोज्यात घालून उशीवर ठेवायचा. एवढा किडकिडीत म्हातारा आणि पाय एवढा जड कसा, हे रोज नव्याने वाटायचं.

"धरलंस काय?" जानकीने विचारलं. ती वाडीतलीच, पन्नाशीची, सकाळी सातला येते आणि संध्याकाळी पाचच्या ठोक्याला जाते. कणकवलीहून भाड्याने आणलेल्या हॉस्पिटलच्या खाटेची डोक्याकडची बाजू वर उचलून ठेवावी लागते, नाहीतर पेज घशात अडकते. आणि बाजू उचलली की भाई खाली घसरतात, कळणारही नाही इतके हळू, दोन तासांत वीतभर. मग अंगाखाली घडी करून ठेवलेल्या चादरीची टोकं दोघांनी दोन्हीकडून धरायची आणि एका दमात वर ओढायचं. दिवसातून सात-आठ वेळा.

"धरलंय."

भाई वर आले. दत्तप्रसादने त्यांच्या गळ्याखालचा पंचा सारखा केला.

"भाई, चाय व्हयी?"

"व्हय."

"काय आता नको, मागसून घेतास?"

"व्हय," भाई म्हणाले.

कुडाळच्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, शब्द गेलेत, असं झालं की एखादाच शब्द मागे राहतो, कुणाची शिवी राहते, कुणाच्या बायकोचं नाव. भाईंचा 'व्हय' राहिला. ज्या माणसाने अडतीस वर्षं रवळनाथाच्या देवळात उभं राहून गावासाठी गाऱ्हाणी घातली, तो बोलायचा आणि बाकीचा गाव मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचा, त्याच्याकडे आपले सगळे शब्द जाऊन गावाचा तेवढा उरावा… पहिल्या दिवशी हे ऐकून दत्तप्रसादला हसू आलं होतं, चक्क हसू, आणि त्याने ते तोंडावर रुमाल धरून खोकल्यात घालवलं होतं. आता हसू येत नव्हतं. आता राग यायचा. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, समजूत काढता येत नाही, त्याच्यासमोर हरताही येत नाही.

नऊ वाजता तो माडीवर गेला, टेबलाशी बसला, लॅपटॉप उघडला. उजव्या कानाचा पडदा गेल्यावर कंपनीने त्याला विमानातून खाली उतरवलं आणि तक्रारींच्या टेबलावर बसवलं, त्यालाही आता तीन वर्षं झाली. आणि हे तीन महिने तो त्याच तक्रारींना इथून, गावातून, उत्तरं देत होता. गेल्या वर्षी वाडीत फायबर आलं नसतं तर हेही जमलं नसतं. पण मग निदान जमत नाही म्हणून सांगता तरी आलं असतं. खिडकीबाहेर काजूचं झाड, त्यापलीकडे भाताचं कापलेलं शेत आणि शेतापलीकडे देवळाची कौलं. बिझनेस क्लासच्या खिडकीतून असं एकच एक काही तासन्‌तास दिसत नाही, हा मुद्दा कुणी तक्रारीत मांडलेला नाही, त्याला उगाच वाटलं.

सहा पत्रं होती. पाच नेहमीची. कुणाला जाताना पायजमा-सदरा मिळाला, येताना मिळाला नाही. कुणाच्या खुर्चीला सरकतं दार होतं, पुढच्या खेपेला दारच नव्हतं. कुणाला मोजे-ब्रशचं पाऊच कापडाचं आलं आणि शेजाऱ्याच्या बायकोला महिन्यापूर्वी आलेलं चामड्याचं… ह्या लोकांना हसायचं नाही, हे तो इथे, गावातच शिकला होता. दर मे महिन्यात येताना तो उरलीसुरली पाऊचं वाडीत वाटायचा, आणि एका वर्षी सुगंधाकाकीच्या पाऊचात ओठांना लावायचं मलम निघालं, जानकीच्या पाऊचात नाही निघालं, तर जानकी चतुर्थीपर्यंत धड बोलली नव्हती. 'तिका मेळला, माका नाय.' विमान बदललं की सामान बदलतं, असं त्याने समजावलं होतं. 'विमान खयचाय असांदे,' ती म्हणाली होती, 'देणारो तू एकच मरे?'

सहावं पत्र मराठीत होतं. मराठी पत्रं त्याच्याकडेच यायची. किशोरी वालावलकर, वय अडुसष्ट, आसन चार-अ, सोबत यजमान, चार-ब. नाव वाचून आधी त्याला वालावलचं तळं आठवलं, मग पत्र वाचलं आणि तळं विसरलं.

'माझ्या यजमानांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. डॉक्टर म्हणाले, आडवं झोपून जाणार असाल तर जा. म्हणून आम्ही जन्मात पहिल्यांदा ह्या वर्गाचं तिकीट काढलं. जाताना खुर्ची पूर्ण आडवी झाली, वर गादी अंथरली, दोन उशा दिल्या. हे सहा तास झोपले. येताना तोच वर्ग, तेच क्रमांक, पण खुर्ची उतरती. आठ तास हे खाली घसरत होते आणि मी त्यांच्या तळपायांना माझे गुडघे लावून बसले होते. गादी मागितली तर ह्या विमानात नसते म्हणाले. जाताना होती म्हटलं तर कर्मचारी नुसता हसला. मला भरपाई नको. फक्त एवढं कळवा. हे दुसरं विमान येणार आहे, हे कुणाला आधी ठाऊक होतं का?'

त्याने पत्र दोनदा वाचलं, मग उठला, पाणी प्यायला, परत बसला.

ठाऊक होतं, बाई. दोन दिवस आधी ठाऊक असतं. संध्याकाळी कागद निघतो, त्यात विमान बदललेलं असतं, नव्याच्या जागी जुनं, आणि जुन्याची खुर्ची एकशे ऐंशी अंशात उघडत नाही, एकशे बाहत्तरात अडकते. जाहिरातीत एकीला 'पूर्ण आडवी' म्हणतात आणि दुसरीला नुसती 'आडवी', त्या 'पूर्ण'वर कुणाची नजर ठरत नाही. आठ अंश. आठ अंशात माणूस किती घसरतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तासाला अर्धी वीत. आणि हसणारा कर्मचारी… तो मी असेन, म्हणजे मी नव्हे, मी तेव्हा जमिनीवर होतो, पण ते हसू मीच. अठरा खुर्च्या आणि अकराच गाद्या चढल्या असतील तर आमच्या केबिनच्या प्रमुख बाईंचा नियम होता, सगळ्यांना नाहीतर कुणालाच नाही. सातजणांनी तक्रार करण्यापेक्षा कुणालाच माहीत नसलेलं बरं. मग अकराच्या अकरा गाद्या मागच्या कपाटात पडून राहायच्या, आणि एखादी म्हातारी थंडीने पाय आखडून मोजे मागायची तेव्हा पडद्याआड मोज्यांचा खोका भरलेला असायचा आणि आम्ही खाली वाकून, डोळ्यांत डोळे घालून सांगायचो — ह्या मार्गावर नसतात. खाली वाकायचं प्रशिक्षण होतं. बसलेल्या माणसाशी उभं राहून नाही म्हणायचं नाही. उतरल्यावर ते मोजे आम्ही वाटून घ्यायचो. त्यातलाच एक आज सकाळी…

पुढचा विचार त्याने केला नाही. साचा उघडला. साच्याचं मराठी त्याचंच होतं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. विमानाच्या प्रकारानुसार सुविधांमध्ये फरक असू शकतो. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मधल्या वाक्यावर त्याने एक अख्खी दुपार घालवली होती. 'फरक असतो' म्हटलं तर कबुली होते. 'फरक पडला' म्हटलं तर कुणी पाडला, हा प्रश्न येतो. 'असू शकतो' मध्ये फरक आहेही आणि नाहीही, आणि जो आहे त्याचा बाप कुणी नाही. सारिका मॅडमनी ते वाक्य सगळ्या टीमला वाचून दाखवलं होतं.

सारिका मॅडम त्याच्या वरिष्ठ. तक्रारींच्या टेबलासाठी मुलाखत त्यांनीच घेतली होती. वडील काय करतात, त्यांनी विचारलं, आणि तो बेसावधपणे म्हणाला होता, शेती, आणि देवळात गाऱ्हाणी घालतात. 'देवाकडेसुद्धा तक्रारी?' त्या खळखळून हसल्या होत्या. 'म्हणजे तुमच्या घराण्यातच आहे की हे!' त्याने सांगितलं नाही की आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. ज्याला काही मागायचंय त्याने नुसतं मागे उभं राहायचं, त्याच्या वतीने बोलणारा वेगळा, आणि बाकी सगळ्यांनी त्यात आपला होकार मिसळायचा. एकट्याचं मागणं एकट्याचं ठेवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे मराठीत सांगता आलं नसतं असं नाही. सांगावंसं वाटलं नाही. आणि गावात उलटी गंमत. 'आता लोकांची गाऱ्हाणी माझ्याकडे येतात,' असं त्याने ऑफिसच्या मराठीत सांगितलं तेव्हा दाजींनी, म्हणजे भाईंच्या चुलतभावाने, विडीची राख झटकत विचारलं होतं, 'म्हणजे कालपरयात ताटां उचलीत होतंस, तो आज देव झालंस?' वाडी आठवडाभर त्याला देव म्हणत होती.

दाजी अकराला आले. पायरीवरच बसले, वर यायला सांगितलं तर नको म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चार घरं चालून आला की आधी पाच मिनिटं नुसता श्वास घेतो. दत्तप्रसाद खाली उतरून त्यांच्याजवळ उभा राहिला.

"चार वाजता देवळात ये. सुगंधा नारळ घेवन येतली."

"दाजी, माका येणा नाय ता."

"तुका येता. ल्हान असताना न्हाणयेत म्हणी होतंस, मी आयकलंय."

"तुमीच घाला ना."

"माझो मान नाय तो." दाजींनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. "एकुणीस दिस झाले, चंदनचो फोन नाय. बोट खंय आसा ता कंपनी सांगणा नाय. सुगंधा रोज सकाळी येवन माझ्या खळ्यात उभी रवता. तिका किती दिस सांगू, दत्ता बघूया म्हणता?"

'बघूया' हा त्याचा गावातला साचा. गेल्या महिन्याभरात तीनदा वापरला होता. चंदन हा सुगंधाकाकीचा मुलगा, बोटीवर नोकरीला. दर रविवारी फोन करायचा तो दोन रविवार आला नव्हता, हे दत्तप्रसादला ठाऊक होतं. पण दाजींना जे ठाऊक होतं आणि जे ते मुद्दाम बोलत नव्हते ते हे, की गाऱ्हाणं एकदा घालून मोकळं होता येत नाही. ज्याच्या घराण्याचा मान तो जिवंतपणी बोलेनासा झाला की त्याच्या मुलाने पहिल्यांदा तोंड उघडलं म्हणजे त्याने तो मान घेतला, असं धरतात. मग जत्रा, शिमगा, पेरणी, कुणाचं लग्न, कुणाची बोट, त्या माणसाने गावात असायला हवं. भाई अडतीस वर्षांत तीन रात्रींपेक्षा जास्त कधी गावाबाहेर झोपले नाहीत. नातीच्या बारशाला मुंबईला आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत. तेव्हा दत्तप्रसाद चिडला होता. आता त्याच्या लक्षात येत होतं की भाईही चिडले असतील, कदाचित अडतीस वर्षं, फक्त कुणाला सांगायची सोय नव्हती.

"येतंय," तो म्हणाला. हा शब्द आपण बोललो की आपल्या तोंडून निसटला हे त्याला कळलं नाही. दाजींनी मान हलवली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठले.

ते फाटकापर्यंत पोचले नसतील तोच फोन वाजला. सारिका मॅडम. त्यांचा आवाज नेहमीसारखा गोड होता, आणि त्या खरोखरच चांगल्या बाई होत्या, हेच अवघड होतं. घरून काम करायची सवलत ह्या महिन्याअखेर सगळ्यांचीच बंद होतेय. वरून आलंय. सोमवारपासून ऑफिसात. "तुमची अडचण मला समजते, दत्तप्रसाद. मी तीन महिने ओढलं. पण आता मला नावं द्यावी लागतील, येणारे आणि न येणारे. संध्याकाळी सहापर्यंत एक ओळ टाका, म्हणजे झालं."

"हो मॅडम."

"हो म्हणजे येताय?"

"नाही… म्हणजे हो, ओळ टाकतो."

फोन ठेवून तो तिथेच पायरीवर बसला. भाईंना मुंबईला न्यायचं तर चौथा मजला, लिफ्ट नाही. इथे ठेवायचं तर जानकी पाचपर्यंत. त्यांना वर ओढायला दिवसा तिच्यासमोर दुसरं टोक कोण धरणार, आणि पाचनंतर दोन्ही टोकं कोण? प्राजक्ताला, बायकोला, काल विचारलं तर ती दोनच शब्द बोलली, 'तू ठरव,' आणि त्यात राग नव्हता, दमलेपणा होता; तिकडे ती, मुलगी आणि तिची स्वतःची नोकरी, तिलाही कुणाचं तरी दुसरं टोक हवं होतं. एका बाजूला चार वाजता तोंड उघडायचं, दुसऱ्या बाजूला सहा वाजता एक ओळ टाकायची. दोन्हीकडे हो म्हणून झालं होतं. विमानात निदान उतरायची जागा ठरलेली असते, आपण हातात ट्रे घेऊन उभे असलो तरी ते कुठेतरी उतरतं.

दुपारी भाईंना पेज भरवताना त्याने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून विचारलं. जानकी मागच्या दारी भांडी घासत होती.

"भाई, मी मुंबयक जाव काय?"

"व्हय."

त्याने चमचा परत वाटीत ठेवला. "काय हयच रवां?"

"व्हय."

"माझा आयकतास मा?"

"व्हय."

मग तो बोलू नये ते बोलला. हळू बोलला, पण बोलला. "तुमका टाकून गेलंय तर चलात?"

भाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं असं त्याला वाटलं. "व्हय," ते म्हणाले, आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. पण त्या डोळ्यातून तसं श्रावणापासून दिवसभर पाणी येतच असे, डॉक्टर म्हणाले होते, पापणी मिटत नाही म्हणून. त्याने ते पंचाच्या टोकाने पुसलं आणि पुढचा चमचा भरला. भाई तोपर्यंत खाली घसरले होते. त्याने जानकीला हाक मारली.

साडेतीनला तो परत माडीवर गेला. किशोरीबाईंच्या पत्राची मुदत तीन पन्नासला संपत होती, बहात्तर तासांत उत्तर गेलं नाही तर पत्र यादीत लाल होतं आणि वरिष्ठांकडे जातं. त्याने साचा पुसला. रिकाम्या चौकटीत लिहिलं, 'होय. ठाऊक होतं.' पुढे लिहिलं, 'दोन दिवस आधी.' मग बराच वेळ त्या सहा शब्दांकडे पाहत राहिला. एवढंच तर मागितलं होतं बाईंनी. हे पाठवलं तर त्याची नोकरी जाईल, सोमवारचा प्रश्नच मिटेल, सहाची ओळ टाकायला नको, कुणीतरी दुसऱ्याने ठरवल्यासारखं होईल… आणि हे मनात आलं तसे त्याने हात कीबोर्डवरून उचलले, कारण बाईंना खरं सांगावं म्हणून आपण हे लिहिलंच नव्हतं, त्यांच्या नवऱ्याच्या मणक्यावरून आपण आपली सुटका करून घ्यायला निघालो होतो, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने ते पुसलं. तीन सत्तेचाळीसला साचा पाठवून दिला. सुविधांमध्ये फरक असू शकतो. त्याला स्वतःची किळस आली. मग त्याने हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि देवळाकडे निघाला.

देवळात चौदा जण होते. त्याने मोजले, प्रवासी मोजायची सवय. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. बायका एका बाजूला, खांबाला टेकून. सुगंधाकाकी पुढे, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात फोन, पडदा वर करून धरलेला, न जाणो एवढ्यात वाजेल. तिने त्याच्याकडे पाहिलं तेही चटकन, फोनवरची नजर तेवढ्यापुरती काढून. दाजींनी त्याला हाताने जागा दाखवली. फरशी गार होती, आणि तिथे, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर, एका फरशीचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा होता, उभं राहून राहून गुळगुळीत झालेली. तो तिच्यावर उभा राहिला.

आठवणार नाही असं वाटलं होतं. "बा देवा रवळनाथा, ह्या गावच्या राखणदारा," तो म्हणाला, आणि पुढचं आपोआप आलं, लहानपणी न्हाणीत घुमवून घुमवून म्हटलेलं. आवाज मात्र त्याचा नव्हता. तो भाईंचा होता, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. "आज ही सुगंधा तुझ्या पायाकडे येवन उभी रवली आसा. तिचो झील चंदन बोटीवर आसा, खंय आसा ता आमका ठावक नाय, तुका ठावक आसा. तेका राख. तेचो आवाज तिच्या कानार पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चौदा जण म्हणाले.

त्या आवाजाने तो हलला. इतक्या जवळून, पाठीवर, तो कधी ऐकला नव्हता. आजवर तो कायम त्या आवाजातला एक असायचा. सवयीने त्याच्या डोक्यात उत्तर तयार व्हायला लागलं होतं, आपली विनंती प्राप्त झाली असून… आणि मग त्याच्या लक्षात आलं की ते द्यायचं नाहीये. इथे तो त्या बाजूला नाही. इथे मागून झालं की संपलं. तीन वर्षांत, नव्हे सतरा वर्षांत, त्याने कुणासाठी काही मागितलं नव्हतं, फक्त नसल्याचं कळवलं होतं. आणि मागताना घसा इतका मोकळा होतो हे त्याला माहीत नव्हतं. सुगंधाकाकीने नारळ ठेवला. तिचे डोळे पुसून झाले तेव्हा फोनचा पडदा विझला होता, आणि तो तिने परत लावला नाही.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एवढंच असेल तर मी राहीन, असंही क्षणभर वाटून गेलं… सोमवार, मंगळवार, ही फरशी.

तो मागे वळणार तोच दाजी म्हणाले, "थांब. आता भाईच्या नावान."

त्याला आधी कळलंच नाही.

"भाईच्या नावान आजून कोणी घातलला नाय," दाजी म्हणाले. "घालतलो कोण? घालणारोच थंय पडलो. नारळ सगळ्यांनी ठेवले, पण बोलाक कोण नाय. सगळो गाव तुझ्यासाठी थांबलो हा, दत्ता."

तीन महिने. ज्या माणसाने वाडीतल्या गाईगुरांसाठीसुद्धा मागितलं त्याच्यासाठी तीन महिन्यांत एका शब्दाचं मागणं झालं नव्हतं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं, जानकीला माहीत होतं, आणि ती रोज त्याच्यासमोर चादरीचं टोक धरून उभी राहायची आणि बोलायची नाही. त्याला लाज वाटली. तो पुन्हा गाभाऱ्याकडे वळला. काय मागायचं ते सोपं होतं, बरो कर. सगळे तेच मागतात. पण डॉक्टर काय म्हणाले ते ह्या देवळात फक्त त्यालाच ठाऊक होतं. बरं होणार नाही, असंच चालेल, दोन वर्षं, चार वर्षं, हृदय मजबूत आहे. तो खरं वाक्य शोधायला लागला, घाईघाईने, मागे चौदा जण उभे, आणि ते वाक्य त्याला शोधावं लागलंच नाही. ते तिथे होतंच. कुठल्या दिवसापासून होतं कोण जाणे, भादव्यात एका पहाटे भिजलेली चादर बदलताना आलं असेल आणि तेव्हापासून गप्प बसून राहिलं असेल.

सोडव.

हेका सोडव रे म्हाराजा. इतकं साधं. मालवणीत सगळ्यांना कळेल असं. आणि 'हेका' म्हणजे कुणाला, हे कुणी विचारणार नाही, सगळे भाईच समजतील, दयेने समजतील, बायका पदर डोळ्यांना लावतील. मला भाई जायला हवे आहेत. त्यांचे हाल संपावेत म्हणून नव्हे, ते नंतर सांगायचं कारण. मला जायला मिळावं म्हणून ते जायला हवे आहेत. त्यांना दुपारी विचारलं ते हेच, आणि त्यांनीही…

त्याने तोंड उघडलं. "बा देवा रवळनाथा," तो म्हणाला, आणि वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर गेला, आणि तिथेच राहिला. मागे कुणीतरी पाय बदलला. बांगड्या वाजल्या. ते सगळे श्वास घेऊन तयार होते, हे त्याला पाठीला कळत होतं. आयुष्यभर त्याने लोकांना नाही म्हटलं होतं आणि त्यातून कुणाचं फारसं बिघडलं नव्हतं. देवही नाही म्हणेल, त्याची भीती नव्हती. त्याला भीती वाटत होती ती ह्या चौदा जणांची. तो जे बोलेल ते ऐकतील, आणि एकही जण नाही म्हणणार नाही.